तुर्कमेन नवरीच्या उंटाची झूल: असमालिक उलटून कशी वाचावी आणि तिची वीण हाताला कशी लावावी

मध्य आशियातल्या भटक्या तुर्कमेनांतली मुलगी नवरी होऊन सासरी निघे तेव्हा ती उंटावरच्या डोलीत बसलेली असे. त्या डोलीला केजेबे म्हणतात, आणि उंटाच्या दोन्ही कुशींवर ज्या पाचकोनी झुली सोडलेल्या असत त्यांना असमालिक. खाली सरळ काठ, दोन उभ्या बाजू आणि वर मधोमध मिळणारे दोन उतार, म्हणजे लहान मुलं काढतात तसला घराचा आकार. रुंदी बहुधा 110 ते 130 सेंटिमीटर, मधली उंची 70 ते 80. खालच्या काठाला लोकरीचे गोंडे. झुली जोडीनं विणल्या जात. तुर्कमेनांत विणकाम बायकांचं, आणि लग्नाच्या विणकामात खुद्द नवरीचे हात लागत. आपल्याकडच्या रुखवतासारखंच ते: मुलीच्या बोटांत काय कसब आहे ते चार लोकांनी बघावं म्हणून मांडलेलं.

अशी एखादी झूल समोर आली की बहुतेक जण पुढून नक्षी बघतात, कुठल्याशा चित्राशी ताडतात आणि टोळीचं नाव सांगून मोकळे होतात. इथेच फसगत होते. नक्षी टोळ्याटोळ्यांत फिरते. एका टोळीनं दुसरीला हरवलं की तिची नक्षीही उचलली जाते, बाजारात एखादा नमुना खपायला लागला की सगळेच तो विणतात. पण गाठ कुठल्या बाजूनं घालायची, बाणा म्हणजे आडवा दोरा किती ओढायचा, कडा कशी बांधायची, हे मुलगी आईच्या शेजारी बसून शिकते आणि ते वळण सहसा जात नाही. म्हणून झूल आधी उलटी करायची. पाठीवर जे दिसतं त्यावरून बोलायचं, नक्षीकडे नंतर वळायचं.

झुलीच्या सोबतीला काय काय असे

उंटाच्या गुडघ्यांवर बांधायच्या दिझलिक नावाच्या लहान जोड्या. तंबूचे वासे उंटावर लादले की त्यांची टोकं झाकायच्या ओक-बाश नावाच्या पिशव्या. तंबूच्या दाराभोवती आतून लावायचं उलट्या यू आकाराचं तोरण, ते कापुनुक, आणि दारावरचा गालिचा तो एन्सी. कपडे ठेवायची मोठी पिशवी चुवल, तिच्याहून बुटकी तोरबा, आणि त्याहून लहान माफ्राश. नव्या जोडप्याच्या पांढऱ्या तंबूत, जाळीची भिंत आणि छत मिळतं तिथं आतून गुंडाळलेली लांबलचक पट्टी म्हणजे आक-युप. या पट्टीची वीण इतर सगळ्यांहून वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

तेक्के टोळीतल्या बायकांचा चिर्पी नावाचा डोक्यावरून घ्यायचा झगाही याच जगातला. त्याच्या बाह्या नुसत्या शोभेच्या, पाठीवर सोडलेल्या. त्यावर रेशमी दोऱ्यानं केस्दी टाका भरलेला असतो. हा साखळी टाक्याच्या घराण्यातला, पण दोरा एकमेकांत अडकवत नेल्यामुळे भरीव दिसणारा टाका आहे. जमिनीचा रंग वयावर ठरे: तरुण स्त्रीला गडद निळा किंवा हिरवा, मध्यमवयीन बाईला पिवळा, म्हातारीला पांढरा. भरतकाम हा वेगळाच मोठा विषय आहे. या लेखात आपण गाठींच्या विणीपाशी थांबू.

टोळ्यांची जागा थोडक्यात सांगायची तर योमुत लोक कॅस्पियनच्या पूर्वेला, अत्रेक आणि गोर्गान नद्यांच्या बाजूला. तेक्के अखाल आणि मर्वच्या ओॲसिसमध्ये. सालोर आणि सारिक मुर्गाब नदीच्या वरच्या अंगाला. एरसारी आमू दर्याच्या काठानं थेट उत्तर अफगाणिस्तानापर्यंत. आज दिसणाऱ्या असमालिकांपैकी बहुतेक योमुतांच्या आहेत. तेक्क्यांच्या फार थोड्या उरल्या, त्यातही जाळीत पक्षी विणलेल्या झुली तर अतिशय दुर्मिळ.

तपासणीची तयारी

लागणारं साहित्य साधं आहे: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, लवचीक फूटपट्टी, बोथट टोकाची सुई, पांढरा सुती रुमाल, पेन्सिल (पेन नको, शाई पडते) आणि झुलीपेक्षा मोठी पांढरी चादर. उजेड खिडकीचा, उत्तरेकडचा असला तर उत्तम. ट्यूबलाइटखाली लाल आणि जांभळट तपकिरी यांतला फरक कळत नाही. हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या काढा. झूल उचलताना वरच्या टोकाला धरून उचलू नका. दोन्ही हात खाली घालून, झोपलेलं मूल उचलावं तशी उचला. जुन्या तपकिरी लोकरीचे धागे नुसत्या वजनानं तुटतात.

पहिली पायरी: ताणा आणि बाणा

झूल पालथी टाका आणि टोकाला जिथं ताण्याचे म्हणजे उभे दोरे उघडे पडलेत तिथं भिंग लावा. तुर्कमेन भटक्यांच्या जुन्या कामात ताणा लोकरीचा असतो, बहुधा हस्तिदंती पांढरा, कधी त्यात शेळीचे करडे केस मिसळलेले. दोन पदर घेऊन पीळ घातलेला. दोरा उभा धरून पिळाची तिरकी रेघ बघा. सुट्या पदरात ती डावीकडून खालून उजवीकडे वर चढते, आणि दोन पदर एकत्र पिळताना उलटी, म्हणजे डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरते. ताणा सुती निघाला तर तिथंच थांबा. तो तुकडा टोळीतल्या नवरीसाठी विणलेला नाही, कारखान्यातला किंवा उशिराचा आहे.

बाण्याचं गणित वेगळं. गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याच्या किती फेऱ्या आहेत ते मोजा. बहुधा दोन. बाणा तपकिरी किंवा लालसर लोकरीचा असतो. चोदोर टोळीच्या कामात सुती बाणा नेहमी सापडतो, त्यामुळे बाण्यात सूत दिसलं म्हणून लगेच नाकारू नका. पांढऱ्या लवेतही, म्हणजे गाठींच्या सुट्या टोकांच्या केसाळ थरातही, सूत सापडेल. सारिक आणि योमुत बायका शुभ्र पांढऱ्यासाठी ते मुद्दाम वापरत, कारण लोकर कितीही धुतली तरी पिवळसर राहते.

दुसरी पायरी: गाठ ओळखणं

इथं घाई करू नका, सगळं यावरच उभं आहे. दोन प्रकारच्या गाठी असतात.

सममित गाठीत लोकरीचा दोरा ताण्याच्या शेजारच्या दोन दोऱ्यांवरून आडवा जातो, दोन्हींच्या बाहेरून मागे वळतो आणि त्याची दोन्ही टोकं त्या दोन दोऱ्यांच्या मधून पुढे येतात. पुढून लव फाकवली की प्रत्येक गाठीच्या बुडाशी आडवी पट्टी दिसते, सदऱ्याच्या कॉलरसारखी, आणि तिच्याखालून दोन टोकं एकत्र निघालेली.

असममित गाठीत दोरा एकाच ताण्याला पूर्ण वेढा घालतो आणि दुसऱ्याच्या फक्त मागून जातो. त्यामुळे एक टोक दोन ताण्यांच्या मधून येतं, दुसरं बाहेरच्या बाजूनं. वेढा डाव्या ताण्याला असेल तर गाठ उजवीकडे उघडी, उजव्याला असेल तर डावीकडे उघडी.

तपासायची पद्धत अशी. झूल बाण्याच्या रेषेत, म्हणजे आडवी, पुढची बाजू वर ठेवून दुमडा. घडीच्या धारेवर लवेच्या ओळी उघड्या पडतात. सुईच्या बोथट टोकानं एक गाठ बाजूला करा. दोन्ही टोकं कॉलरखालून जोडीनं निघत असतील तर सममित. सुईनं एकच टोक वेगळं उचलता आलं आणि दुसरं ताण्याच्या पलीकडून निघताना दिसलं तर असममित. निदान पाच जागी बघा: मध्यावर, चारी कडांजवळ. कडेच्या चार-सहा गाठी वेगळ्या असू शकतात. असममित गाठीच्या तेक्के गालिच्यांत कडेला मुद्दाम सममित गाठी घातलेल्या सापडतात, कारण त्या कड घट्ट धरतात. एकाच जागी बघून निकाल दिला की हमखास चूक होते.

आता टोळ्या. तेक्के आणि एरसारी: असममित, उजवीकडे उघडी. सारिक: बहुतांशी सममित. सालोर: असममित, डावीकडे उघडी, आणि ताण्याच्या जोडीतला एक दोरा पाठीमागे दाबलेला. त्यामुळे सालोर काम हाताला जाड, ताठ लागतं आणि पाठीवर बारीक रेघारेघांचं दिसतं. अराबाची: असममित, डावीकडे उघडी. योमुत मात्र एका नियमात बसत नाहीत. बरंच काम सममित आहे, पण दोन्ही बाजूंना उघड्या असममित गाठींचे योमुत तुकडेही आहेत. म्हणून सममित गाठीची असमालिक योमुत असू शकते, सारिकही असू शकते. तेवढ्यावरून नाव घालू नका, लोकर, रंग आणि कडाही बघा.

तिसरी पायरी: गाठी मोजणं

पाठीवर फूटपट्टी आडवी ठेवून 10 सेंटिमीटरमधल्या गाठी मोजा, मग उभी ठेवून ओळी मोजा. ताण्याचे दोन्ही दोरे एकाच पातळीवर असतील तर प्रत्येक गाठीचे पाठीवर दोन उंचवटे दिसतात. नवखा माणूस उंचवटेच मोजतो आणि संख्या दुप्पट होते. एकाच रंगाच्या सपाट जागेत हा घोळ सर्वांत जास्त होतो, म्हणून जिथं एका गाठीची रेघ रंग बदलून उभी चाललीय अशी जागा शोधा. तिथं एक गाठ म्हणजे किती उंचवटे ते स्वच्छ कळतं. सालोरसारख्या दाबलेल्या ताण्यात एका गाठीचा एकच उंचवटा दिसतो, तिथं दोननं भागलं तर उलटी चूक होईल.

समजा आडव्या 34 गाठी आणि उभ्या 52 ओळी आल्या. 34 गुणिले 52 म्हणजे एका चौरस डेसिमीटरला 1,768 गाठी. 120 सेंटिमीटर रुंद, बाजूंना 50 आणि मध्यावर 75 सेंटिमीटर उंच झुलीचं क्षेत्रफळ 75 चौरस डेसिमीटर भरतं. म्हणजे एका झुलीत 1,32,600 गाठी. चूल, पाणी आणि शेळ्यामेंढ्या सांभाळून रोज तीन हजार गाठी पडल्या असं धरलं तरी एका झुलीला 44 दिवस, जोडीला 88. आणि यात लोकर कातणं, रंगवणं, ताणा लावणं काहीच धरलेलं नाही. गाठी जास्त म्हणजे झूल जुनी, असं मात्र नाही. बारीक विणीची नवी कामं भरपूर आहेत.

चौथी पायरी: आकार, किनार, कापाकापी

खऱ्या असमालिकेत किनार उताराबरोबर वळते. खालच्या काठाची नक्षी बाजूनं वर चढते, खांद्याशी तिरकी होते आणि माथ्यावर दुसऱ्या बाजूच्या किनारीला भेटते. उतारावर किनार मधेच छाटल्यासारखी संपत असेल, किंवा आतली जाळी थेट कडेला भिडत असेल, तर तो तुकडा मोठ्या चुवलातून वगैरे कापून पाचकोनी केलेला आहे. माथ्याचा कोन बारकाईनं बघा. नवरीच्या हाताला तिथं बहुतेक वेळा जागा कमी पडलेली असते, फुलं दबलेली असतात, एखादं अर्धंच राहिलेलं असतं. ही ओढाताण खरी आहे. कागदावर आखून विणलेल्या नव्या नकलेत माथा फार नीटनेटका बसतो.

योमुत झुलींवर सर्वांत जास्त दिसते ती आशिकची जाळी: दातेरी कडांचे तिरके चौकोन, रंग आळीपाळीनं बदलणारे. आशिक म्हणजे मेंढीच्या घोट्याचं हाड, ज्यानं मुलं खेळतात. काही मोजक्या योमुत झुलींवर तर खुद्द वरातच विणलेली आहे, डोली पाठीवर घेतलेल्या उंटांसकट.

गोंडे आणि दोऱ्या बऱ्याचदा नंतर लावलेल्या असतात. गोंड्याच्या गाभ्यातली लोकर आणि झुलीच्या लवेतली लोकर भिंगाखाली शेजारी धरा. रंग गाभ्यातही तसाच भडक, पीळ मशीनसारखा एकसारखा, तर गोंडे नवे. त्यानं झूल खोटी ठरत नाही. फक्त तसं नोंदवून ठेवा.

पाचवी पायरी: रंग

तुर्कमेन कामाचा जीव लाल रंगात आहे. तो मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांपासून येतो. निळा निळीचा, पिवळा इस्पारकसारख्या रानफुलांचा. जुन्या कामात, विशेषतः सालोर तुकड्यांच्या रेशमी ठिपक्यांत, लाखेचा जांभळट लाल सापडतो. लाख आणि नीळ दोन्ही हिंदुस्थानातून व्यापारी मार्गांनी मध्य आशियात जात. एकोणिसाव्या शतकात कोचिनील हा अमेरिकेतल्या किड्याचा लालही तिकडे पोचला. लाख कोणती आणि कोचिनील कोणता हे डोळ्यांनी सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

घरी करता येण्यासारखं असं आहे. लव फाकवून एकाच केसाचं बूड आणि टोक बघा. नैसर्गिक रंग टोकाला फिका पडतो, पण त्याच रंगाचा फिका. सुरुवातीचे रासायनिक रंग, त्यातही फुक्सिनसारखा जांभळा, टोकाला राखाडी होतो आणि बुडाशी व पाठीवर भडक राहतो. पाठ जांभळी आणि तोंड राखेच्या रंगाचं असेल तर निकाल स्पष्ट आहे. दुसरी खूण ओल्या रुमालाची: रुमाल पिळून घट्ट ओलसर करा, पाठीच्या कोपऱ्यात दहा सेकंद दाबून ठेवा. घासू नका. नारिंगी किंवा गुलाबी डाग उमटला तर रासायनिक रंगाची शक्यता मोठी. पण नीट न धुतलेली मंजिष्ठाही थोडा रंग सोडते, म्हणून या एका खुणेवर विसंबू नका. शिवाय विसाव्या शतकातले क्रोमनं पक्के केलेले रासायनिक रंग ना उडतात ना सुटतात. ते या दोन्ही परीक्षांतून बिनबोभाट पार होतात.

गडद तपकिरी भाग बोटानं चाचपा. टॅनिन आणि लोखंडानं रंगवलेली लोकर काळाबरोबर ठिसूळ होऊन झिजते, त्यामुळे तपकिरी बाह्यरेषा खोलगट होतात आणि लाल नक्षी कोरल्यासारखी वर उठते. ही झीज खरी असेल तर खोली जागोजागी वेगळी असते, जिथं घासलं तिथं जास्त. कात्रीनं खोटी झीज केली तर सगळीकडे खोली सारखी आणि केसांची टोकं भिंगाखाली सरळ कापलेली दिसतात.

वय सांगताना जपून. या झुलींवर साल विणलेलं नसतं. रेडिओकार्बनही फार कामाचं नाही, कारण साधारण 1650 ते 1950 या काळासाठी त्याची मोजपट्टी सपाट आहे आणि उत्तरं दोन-तीनशे वर्षांच्या पसाऱ्यात येतात. रंगांचा पुरावा जास्त ठाम. पहिला रासायनिक जांभळा 1856 चा, पाँसो 2आर हा लाल 1878 चा. गोकतेपे या तेक्के किल्ल्याचा रशियनांनी जानेवारी 1881 मध्ये पाडाव केला, कॅस्पियनकडून निघालेली रशियन रेल्वे 1885 मध्ये अश्गाबादला आणि 1886 मध्ये मर्वला पोचली. माल, रंग आणि गिऱ्हाईक या रुळांवरून आले. रासायनिक रंग सापडला तर झूल त्या रंगाच्या शोधानंतरची, एवढं नक्की म्हणता येतं. नाही सापडला तर ती आधीचीच आहे असं म्हणता येत नाही, कारण दूरच्या टोळ्यांत मंजिष्ठा नंतरही चालूच होती.

हाताला वीण लावा: 370 गाठींची लहान झूल

नुसतं बघून गाठ कळत नाही. 10 सेंटिमीटर रुंदीचा एक नमुना विणला की दुसऱ्याच्या विणीत काय बघायचं ते बोटांना समजतं.

आतून 30 बाय 45 सेंटिमीटरची घट्ट लाकडी चौकट घ्या. मूळ माग आडवा, जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेला असे. तळ हलला की तो मोडून उंटावर लादता येई. वर-खाली दर 5 मिलिमीटरला खिळे ठोका. ताण्यासाठी बारीक, घट्ट पिळाचं गालिच्याचं सूत 30 मीटर. पहिल्या प्रयत्नात लोकरीचा ताणा ओढून तुटतो, म्हणून इथं सूत चालेल. लवेसाठी लोकर 20 मीटर, बाण्यासाठी बारीक लोकर 10 मीटर. लोकर बिकानेरी गालिच्याच्या जातीची मिळाली तर फार चांगलं. आपल्या घोंगडीची दख्खनी लोकर या कामाची नाही: ती भरड आहे, बरीचशी काळी, त्यामुळे रंग चढत नाही आणि लव टोचरी होते.

सूत इंग्रजी 8 च्या आकड्यासारखं वरखाली 24 वेढे घ्या. प्रत्येक वेढ्याचे दोन, एक पुढच्या आणि एक मागच्या पातळीवर, असे 48 दोरे होतात. मधले 40 गाठींसाठी, दोन्ही कडांचे चार-चार कडेसाठी. एका पातळीचे दोरे उचलायला दोऱ्याचे फासे लावलेली एक काठी आणि दुसऱ्या पातळीसाठी एक चपटी पट्टी पुरते. तळाशी 2 सेंटिमीटर साधी वीण विणून फणीनं ठोकून घ्या. ही पट्टी वाकडी बसली तर पुढचं सगळं वाकडं होतं.

पहिल्या ओळीत 20 सममित गाठी घाला. प्रत्येक गाठ खाली खेचून घट्ट करा आणि सुरीनं दीड सेंटिमीटरवर कापा. तुर्कमेन बायकांची तीन हत्यारं हीच: केसेर म्हणजे सुरी, दाराक म्हणजे जड फणी, आणि कात्री. ओळ संपली की बाणा एकदा बऱ्यापैकी ताठ घाला, ठोका. पातळी बदला, दुसरा बाणा सैल, मधे लहान टेकडी करून घाला, ठोका. कडेच्या चार दोऱ्यांना बाण्यानंच वेढे द्या. चार-पाच ओळी झाल्या की लव कात्रीनं 5 मिलिमीटरवर समान करा. दहा सेंटिमीटर उंचीत 28 ओळी बसायला हव्यात. 22 बसल्या तर ठोकणं हलकं पडतंय.

14 पूर्ण ओळी झाल्या की दर ओळीला दोन्ही बाजूंची एक-एक गाठ सोडा: 18, 16, 14 करत शेवटी 2. या नऊ ओळींत 90 गाठी होतात. एकूण 370, उंची सुमारे 8 सेंटिमीटर. किनारीचा एका गाठीचा पांढरा पट्टा उताराबरोबर न्यायचा प्रयत्न करा, मग कळेल माथ्यावर जागा का कमी पडते. शेवटी चौकटीवरून उतरवून सुटलेले ताणे 5 सेंटिमीटर ठेवून कापा, मागे वळवा, शिवा.

कमर आत ओढली गेली, म्हणजे मधे तुकडा बारीक झाला, तर दुसरा बाणा जास्त ताठ आहे. टेकडी मोठी करा. कड लाटांसारखी झाली तर कडेचे वेढे सैल आहेत. लव ओढल्यावर गाठ निघून आली तर गाठीनंतर पातळी बदलायला विसरलात. एक नमुना झाला की दुसरा त्याच चौकटीवर असममित गाठीनं विणा आणि दोन्हींवरून तळहात फिरवा: सममित लव सरळ उभी राहते, असममित लव एका बाजूला तिरकी निजते.

लोकर स्वतः रंगवायची तर 100 ग्रॅम धुतलेल्या लोकरीला 15 ग्रॅम तुरटी, 4 लिटर पाण्यात. सावकाश तापवून 80 ते 85 अंशांवर पाऊण तास ठेवा, रात्रभर त्यातच निवू द्या. 100 ग्रॅम मंजिष्ठेची पूड आदल्या रात्री भिजवा. दुसऱ्या दिवशी लोकर त्यात घालून 60 ते 65 अंशांपर्यंत न्या, तासभर धरा. उकळलं की तपकिरी छटा उतरते आणि लाल मळकट होतो. भांडं स्टीलचं हवं, लोखंडी नको. आपल्या आयुर्वेदिक दुकानातली मंजिष्ठा आणि तुर्कमेनांची ती एकाच कुळातल्या पण वेगळ्या जाती आहेत, आपली जरा नारिंगीकडे झुकते.

आक-युपची वेगळी युक्ती

तंबूची पांढरी पट्टी 30 ते 40 सेंटिमीटर रुंद आणि 12 ते 15 मीटर किंवा त्याहून लांब असते. तिची जमीन पूर्ण ताण्याची वीण, म्हणजे ताणा इतका दाट की बाणा दिसतच नाही. गाठी फक्त वरच्या पातळीच्या ताण्यांवर, एकाआड एक दोऱ्यावर घातलेल्या असतात. खालची पातळी मोकळीच राहते, म्हणून पट्टी उलटली की पाठ जवळजवळ कोरी पांढरी. असमालिकेच्या पाठीवर नक्षी स्पष्ट उमटते, आक-युपच्या पाठीवर नाही. पांढऱ्या जमिनीचा लांबट तुकडा दाखवून कोणी तंबूची पट्टी म्हणत असेल आणि पाठीवर पूर्ण नक्षी असेल, तर ती पट्टी नाही.

घ्यायची असेल तर

1980 नंतर पेशावर भागातल्या अफगाण निर्वासितांच्या मागांवर जुन्या नमुन्यांची चांगली नवी कामं झाली, काही तर नैसर्गिक रंगांत. ती नवी म्हणून विकली तर त्यात गैर काहीच नाही. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी म्हणून विकली जातात तेव्हा पांढऱ्या लोकरीच्या बुडाशी बघा. चहा बुडापर्यंत समान पोचतो, खरा जुनेपणा टोकांवर जास्त असतो. झिजलेल्या जागी ताण्यावर रंगीत पेन फिरवलेलं असतं, ओल्या रुमालानं तेही कळतं. तुर्कमेनिस्तानातून गालिचा बाहेर न्यायला तिथल्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र लागतं, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. भारतात 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, ते फक्त केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेली संस्थाच करू शकते. परदेशी राहणाऱ्या लेकीला भेट म्हणून पाठवण्याआधी हे ध्यानात असू द्या.

घरी सांभाळताना

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लोकरीचे दोन शत्रू: दमट हवा आणि कसर. झूल आली की आधी चादरीवर पालथी टाकून, व्हॅक्यूमच्या नळीला मलमल बांधून अगदी कमी जोरावर धूळ काढा. मग पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, एक दिवस पिशवी न उघडता बाहेर ठेवा, पुन्हा आठवडाभर आत. पिशवी थंड असताना उघडली तर दव थेट लोकरीवर बसतं. कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या लवेला लागून ठेवू नका. पाल्याचा डाग पडतो, गोळ्यांनी अळी हमखास मरतेच असं नाही. धुऊ तर नकाच: लाल सुटून पांढऱ्यात उतरला की तो परत काढता येत नाही.

भिंतीवर लावायची तर माथ्याच्या टोकाला दोरी बांधून टांगू नका, सगळं वजन चार ताण्यांवर येतं. सुती कापड ताणलेल्या फळीवर झूल ठेवून, गाठींच्या मधून, बाण्याला सांभाळत टाके घाला आणि फळी थोडी मागे कललेली ठेवा. प्रकाश मंद, 50 लक्सच्या आत. ठेवून द्यायची असेल तर सपाट ठेवणं सर्वांत चांगलं. गुंडाळावीच लागली तर जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेली मलमल, मग झूल लव बाहेर ठेवून, लवेच्या दिशेनं. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, उलगडून बघा. गोंड्यांच्या गाभ्यात आणि कडेच्या वेढ्यांत आधी शोधा, कसर तिथंच पहिली लागते. एखादा गोंडा सुटून हातात आला तर तो टाकू नका. कागदी पाकिटात घाला, कुठल्या कोपऱ्यातला कितवा ते पेन्सिलीनं वर लिहा आणि झुलीसोबतच ठेवा.